प्लेटलेट्स घसरल्या, आता घरी काय सांभाळाल?

झाशीच्या जुन्या शहराच्या लक्ष्मी दरवाजातून बाहेर पडले की लक्ष्मी ताल लागतो. तलावाकाठी नेवाळकरांचे महालक्ष्मीचे देऊळ आहे आणि जवळच २१ नोव्हेंबर १८५३ रोजी वारलेल्या गंगाधररावांची छत्री आहे. मूळचे कोकणातले हे घराणे सुभेदारीच्या निमित्ताने बुंदेलखंडात आले. मराठ्यांच्या अमलात इकडे भिक्षुक, कारकून, शिपाई अशी कितीतरी मराठी कुटुंबे येऊन स्थिरावली. त्यांपैकी काहींचे वंशज आजही झाशीत आहेत. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी-बुंदेली, आणि भाद्रपदात गणपती.

गणपती उठले की इकडे तापाची साथ डोके वर काढते. मग सगळा दोष तलावाला जातो. बरीच वर्षे शहराचे सांडपाणी या तलावात येत राहिले, त्यामुळे लोकांना तसे वाटणे स्वाभाविक आहे. पण डेंग्यूचा डास घाण पाण्याचा भोक्ता नाही. त्याला स्वच्छ, साठलेले, न हलणारे पाणी लागते. झाशीचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांचा, त्यामुळे खिडकीखिडकीत कूलर. पाऊस सुरू झाला की कूलर बंद होतो, पण त्याच्या टाकीतले पाणी तसेच राहते. डास अंडी घालतो ती तिथे, गच्चीवरच्या उघड्या टाकीत, कुंडीखालच्या ताटलीत. ही अंडी कोरड्या भांड्यातही कित्येक महिने टिकतात. म्हणून पाणी नुसते ओतून भागत नाही, टाकीच्या कडा घासाव्या लागतात. तलावाला नावे ठेवण्यापूर्वी प्रत्येकाने आपली खिडकी पाहावी हे बरे.

आजचा विषय मात्र डास चावून गेल्यानंतरचा आहे. समजा, अशाच एका घरात सत्तरीच्या सासूबाईंना ताप आला. मुलगा रेल्वेत नोकरीला, सून घरी, नणंद पुण्याला. चौथ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट हाती येतो : डेंग्यू, प्लेटलेट्स ५२ हजार. त्या क्षणापासून घरातले सगळे एका आकड्याभोवती फिरू लागतात. मुलगा रक्तपेढ्यांना फोन करतो. नणंद पुण्याहून दर दोन तासांनी विचारते, "आता किती आहेत?" शेजारच्या काकू पपईची पाने घेऊन येतात. आणि सकाळपासून आई लघवीला गेलेल्या नाहीत, हे मात्र कुणाच्याच लक्षात येत नाही.

डेंग्यूत माणूस दगावतो तो बहुतेक वेळा या दुसऱ्या गोष्टीने. म्हणून आधी आकड्याचा अर्थ समजून घेऊ.

प्लेटलेट्सना शाळेच्या पुस्तकात रक्तपट्टिका म्हणतात. हाडांच्या मगजात त्या तयार होतात आणि सात ते दहा दिवस जगतात. रक्तवाहिनीला कुठे चीर पडली की त्या तिथे जाऊन चिकटतात आणि भोक बुजवतात. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात, म्हणजे थेंबाच्याही लहानशा अंशात, त्या दीड ते साडेचार लाख असतात. निसर्गाने साठा भरपूर दिलेला आहे. ५० हजारांच्या वर आकडा असेल तर आपोआप रक्त वाहण्याचा धोका फारसा नसतो. खरी काळजी आकडा १० हजारांच्या खाली गेल्यावर सुरू होते. मधल्या टप्प्यात किती धोका आहे हे आकड्यावरून ठरत नाही, माणसावरून ठरते. वय काय, यकृत-मूत्रपिंडे कशी आहेत, कुठली औषधे चालू आहेत, आणि मुख्य म्हणजे कुठून रक्त येते आहे का.

आणखी एक. आज एका लॅबचा आणि उद्या दुसऱ्या लॅबचा आकडा घेऊन तुलना करू नये. नळीतल्या रक्तात प्लेटलेट्सचे पुंजके झाले तर यंत्र त्या कमी मोजते. आकडा अचानक फारच खाली दिसला आणि माणूस ठणठणीत वाटत असेल, तर डॉक्टर काचपट्टीवर रक्त पाहून खात्री करून घेतात. ते जरूर विचारावे.

आता लघवीकडे येऊ. डेंग्यूत काही रुग्णांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या पाझरू लागतात. रक्तातले पाणी वाहिन्यांच्या बाहेर, पोटात, छातीत झिरपते आणि रक्त घट्ट होते. रिपोर्टात हिमॅटोक्रिट किंवा पीसीव्ही असे लिहिलेले असते, तो आकडा चढू लागतो. बहुतेकांचे लक्ष प्लेटलेट्सच्या ओळीवरून हलतच नाही, आणि ही ओळ न वाचलेलीच राहते. पाझर वाढला की रक्तदाब कोसळतो. आणि हे केव्हा होते? ताप उतरल्यावर! साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यान ताप उतरतो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात, मुलगा ड्यूटीवर जातो, सून जरा पाठ टेकते. त्यापुढचे २४ ते ४८ तासच सर्वांत जोखमीचे असतात. ताप गेला म्हणजे दुखणे गेले हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब इथे उलटा पडतो.

त्या दोन दिवसांत उशाशी कुणीतरी जागे हवे. पोटात जोराचे दुखणे, न थांबणारी उलटी, हिरड्या-नाकातून रक्त, काळी डांबरासारखी शौचास, हातपाय गार आणि चिकट, धाप, विलक्षण ग्लानी किंवा उगाच तळमळ, चार ते सहा तासांत लघवी नाही : यातले एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. रिपोर्टमध्ये ८० हजार असले तरी जावे. झाशीकरांना १९६८ पासूनचे महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेज आहे. तुमच्या गावी रात्री दोन वाजता कोणते दार उघडे असते आणि तिथवर वाहन कसे मिळेल, हे दिवसाउजेडी ठरवून ठेवावे.

यासाठी शाळेची एक जुनी वही पुरते. वेळ, ताप, किती प्यायल्या, लघवी केव्हा, उलटी झाली का. "आई, मघाशी लघवीला कधी गेला होतात?" हे सुनेने विचारायला संकोचू नये आणि सासूबाईंनी सांगायला. तोंडाने घेता येत असेल तोवर साखर-मिठाचे पाणी, ओआरएस, भाताची पेज, ताक, लिंबू सरबत, शहाळे थोडे थोडे करून चालू ठेवावे. नुसते पाणी लोटाभर पाजण्यापेक्षा हे बरे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल, मधुमेह असेल, तर काय आणि किती द्यायचे हे डॉक्टरांना विचारूनच. एक गंमत आहे. भेटायला येणारे नेमके डाळिंब आणि बीट घेऊन येतात, रक्त वाढते म्हणून. पण त्या दोन-चार दिवसांत लाल रंगाचे पदार्थ टाळलेलेच चांगले. उलटीत किंवा शौचात लाल दिसले तर ते डाळिंब की रक्त, हा घोळ रात्री कुणी सोडवायचा? लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, तेही डॉक्टरांना सांगून ठेवावे.

गोळ्यांच्या बाबतीत मात्र जराही सवलत नाही. तापाला आणि अंगदुखीला फक्त पॅरासिटामॉल, दोन मात्रांत किमान सहा तासांचे अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त वेळा नाही. यकृताचा विकार असेल तर तेही विचारून. अॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या गोळ्या प्लेटलेट्सचे काम बिघडवतात आणि जठराच्या आतल्या पापुद्र्याला इजा करतात. म्हणजे आधीच थोडे असलेले शिपाई, त्यांच्याही हातातली काठी काढून घेतलेली. कोपऱ्यावरच्या दुकानात "अंगदुखीची" म्हणून मिळणाऱ्या गोळीत यांतले काहीतरी हमखास असते. वेष्टनावरचे नाव वाचल्याशिवाय काही देऊ नये. तापाची सुई टोचून घेण्याचा आग्रहही सोडावा. स्नायूत दिलेल्या इंजेक्शनच्या जागी आत रक्त साकळू शकते.

आता खरी अडचण. आपल्या सासूबाई हृदयासाठी रोज अॅस्पिरिनची छोटी गोळी घेतात. "ती काय, शंभरची छोटी गोळी आहे," म्हणून ती सांगायची राहून जाते, कारण ती औषध वाटतच नाही, जेवणानंतरच्या बडीशेपेसारखी झालेली असते. तापाच्या पहिल्याच भेटीत ही गोळी, रक्त पातळ करणारी दुसरी कुठली गोळी, आयुर्वेदिक काढे, सगळे पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवावे. काही घरांत उलटे होते. कुणीतरी सांगते म्हणून ती गोळी परस्पर बंद केली जाते. हृदयात स्टेंट बसवलेल्या माणसाला हे महागात पडू शकते. चालू ठेवायची की थांबवायची, आणि पुन्हा कधी सुरू करायची, हा निर्णय डॉक्टरांचा. आपले काम सांगण्याचे.

घर रक्त वाहू नये असे लावायचे म्हणजे काय? पहिली जागा न्हाणीघर. ओली फरशी, शेवाळ, रात्रीचा अंधार. सत्तरीचे माणूस ग्लानीत उठले की तोल जातो. बाहेर दिवा जळता ठेवा, पायांत न घसरणाऱ्या चपला, आणि सोबत कुणीतरी. डोके आपटले तर, बाहेर काही दिसत नसले आणि आई "मला काही झाले नाही गं" म्हणाल्या तरी, दवाखान्यात न्यावे. कवटीच्या आतला रक्तस्राव सुरुवातीला दिसत नाही. नंतरची डोकेदुखी, उलटी, बडबड किंवा झापड ही त्याची खूण.

दात घासायला मऊ ब्रश. तोही टोचत असेल तर मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या. कडुनिंबाची काडी, दात कोरणे बंद. दाढीला ब्लेडऐवजी विजेवर चालणारे यंत्र. नखे कापून बोथट केलेली. नाक जोरात शिंकरायचे नाही. काचेच्या बांगड्या काही दिवस काढून ठेवल्या तर चालते, सासूबाई कुरकुरतील, पण पिचलेली बांगडी मनगटात घुसते. सून मायेने पाय चेपते, तेलाने रगडून मालीश करते, ते या दिवसांत नको. हलकेच हात फिरवावा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये, कुंथण्याने मूळव्याधीतून रक्त येते. इसबगोल द्यावा का, हे विचारून घ्यावे. एनिमा मात्र घरी देऊ नये. रक्त तपासायला घेतले की टोचलेल्या जागी कापूस पाच मिनिटे न उचलता दाबून धरावा. बहुतेक जण दर अर्ध्या मिनिटाला उचलून बघतात.

नाकातून रक्त आले तर आपल्याकडे आडवे झोपवून डोक्यावर पाणी मारण्याची रीत आहे. त्याने रक्त घशात जाते आणि उलटी होते. बसवावे, किंचित पुढे वाकवावे, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून घड्याळ लावून दहा-पंधरा मिनिटे दाबावे, श्वास तोंडाने. त्यानंतरही थांबले नाही तर निघावे. पायाच्या नडगीवर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके उमटतात, बोटाने दाबले तरी मावळत नाहीत. सावळ्या कातडीवर ते चटकन दिसत नाहीत, म्हणून ओठांच्या आत आणि टाळूवरही बॅटरी मारून पाहावे. आणि आजारी बाई तरुण असेल, तर पाळीचे विचारावे. प्लेटलेट्स कमी असताना अंगावरून अतोनात जाऊ शकते आणि मुली ते वडिलांसमोर किंवा डॉक्टरांसमोर बोलत नाहीत. घरातल्या थोरल्या बाईनेच पुढाकार घ्यावा.

मुलगा प्लेटलेट्सच्या पिशवीमागे धावतो आहे, त्याला काय सांगायचे? आईसाठी तो जिवाचे रान करतो आहे, त्यात चूक काही नाही. पण पिशवी चढवली म्हणजे आई वाचली, हे समीकरण खरे नाही. सिंगापूर आणि मलेशियातल्या रुग्णालयांनी ३७२ डेंग्यू रुग्णांवर केलेला अभ्यास २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. सगळ्यांच्या प्लेटलेट्स २० हजार किंवा त्याहून कमी होत्या, मोठा रक्तस्राव नव्हता. निम्म्यांना खबरदारी म्हणून प्लेटलेट्स चढवल्या, निम्म्यांना नाही. रक्तस्राव टळण्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. उलट चढवलेल्यांत अंगावर पित्त उठण्यापासून श्वास अडण्यापर्यंतचे त्रास जास्त झाले. डेंग्यूत बाहेरून दिलेल्या प्लेटलेट्सही लवकर नष्ट होतात. आपल्या सरकारच्या मार्गदर्शक सूचनाही रक्तस्राव नसताना १० हजारांच्या खालीच याचा विचार करा असे सांगतात. रक्त वाहत असेल तर गोष्ट वेगळी, तेव्हा पिशवी जीव वाचवते. म्हणून ३० हजारांना "चढवत का नाही?" म्हणून डॉक्टरांशी भांडू नये. न चढवणे म्हणजे हयगय नव्हे.

तयारी मात्र ठेवावी. एका रक्तदात्याच्या रक्तातून वेगळी केलेली पिशवी आकडा पाच ते दहा हजारांनी वाढवते. दुसऱ्या प्रकारात एकाच दात्याला यंत्राला जोडून फक्त प्लेटलेट्स काढतात, त्यास तास-दीड तास लागतो, आणि एक पिशवी साधारण सहा साध्या पिशव्यांच्या बरोबरीची असते. प्लेटलेट्स फ्रीजमध्ये ठेवत नाहीत. २० ते २४ अंशांत, सतत हलवत, पाच दिवस टिकतात. म्हणून त्या साठवून ठेवता येत नाहीत आणि साथीत तुटवडा पडतो. रक्तगट जुळणारे दोन-तीन नातलग किंवा शेजारी, ज्यांनी आठवडाभरात अॅस्पिरिन घेतलेले नाही असे, नावे लिहून ठेवावेत. अमुक माणूस आणून देतो, तमुक एजंट आहे, या वाटेला जाऊ नये. उत्तर प्रदेशातच प्रयागराजला ऑक्टोबर २०२२ मध्ये प्लाझ्माच्या पिशव्या प्लेटलेट्स म्हणून विकणारी टोळी पोलिसांनी पकडली होती. परवानाधारक रक्तपेढी, लेबल, पावती, याखेरीज पिशवी घेऊ नये.

राहिल्या शेजारच्या काकू. "पपईच्या पानांचा रस द्या, दोन दिवसांत लाखाच्या वर!" आणि लाखाच्या वर जातातही, कारण ताप उतरल्यावर दोन-तीन दिवसांनी प्लेटलेट्स बहुतेकांच्या आपोआपच चढतात. श्रेय पानांना मिळते. काही लहान अभ्यासांत या रसाने आकडा थोडा लवकर चढल्याचे दिसले, पण त्यामुळे रक्तस्राव किंवा मृत्यू टळतात हे सिद्ध झालेले नाही. कडू रसाने उलट्या सुरू झाल्या तर मात्र पोटात टिकणारे पाणीही बाहेर पडते, आणि आपल्याला सगळ्यात गरज त्याचीच आहे. शेळीच्या दुधाचे तसेच. साथ आली की ते महाग होते, आणि लोक कच्चे पितात. कच्च्या दुधातून दुसराच ताप येऊ शकतो. काकूंना दुखवू नये, चहा द्यावा, पाने ठेवून घ्यावीत.

प्लेटलेट्स केवळ डेंग्यूनेच घटतात असेही नाही. मलेरियात घटतात, यकृताच्या विकारात घटतात, कॅन्सरच्या औषधांनी घटतात. ताप जाऊन दोन-तीन आठवडे झाले आणि आकडा तरीही वर येत नसेल, तर पुन्हा दाखवावे. एका दुखण्यात शरीर स्वतःच्याच प्लेटलेट्सना शत्रू समजून मारते, त्याला आयटीपी म्हणतात. हे कसे कळले ती हकिगत विलक्षण आहे. १९५० साली अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टरने अशा रुग्णाचे रक्त स्वतःच्या अंगात चढवून घेतले. काही तासांत त्याच्या स्वतःच्या प्लेटलेट्स जवळजवळ नाहीशा झाल्या. सुदैवाने तो वाचला आणि दोष रक्तातच आहे हे सिद्ध झाले. आयटीपी महिनोन्‌महिने, काहींना वर्षानुवर्षे राहतो. अशी माणसे २०-३० हजारांवर नोकरी करतात, स्वयंपाक करतात, शाळेत शिकवतात. त्यांच्या घरच्यांना वर सांगितलेले ब्रशचे, गोळ्यांचे, न्हाणीघराचे नियम चार दिवसांचे नसून रोजचेच असतात. फक्त दर तासाला आकडा विचारण्याची सवय त्यांना सोडावी लागते, नाहीतर जगणेच थांबते.

एक गोष्ट घराघरांत सारखी दिसते. धावपळ पुरुष करतात आणि जागरण बाई करते. तिसऱ्या रात्री तिच्याही डोळ्यांसमोर अंधारी येते, वही भरायची राहते, आणि नेमके तेव्हाच ताप उतरलेला असतो. रात्रीचे दोन भाग करून एक मुलाने घ्यावा. रक्तपेढीचे फोन दिवसा होतात. पुण्याच्या नणंदेला आकडा विचारायचाच असेल तर दिवसातून एकदा, आणि सुटी मिळाली तर दोन दिवस येऊन बसली तर त्याहून उत्तम. डेंग्यूचा विषाणू रुग्णाच्या रक्तात असतो त्या दिवसांत त्याला चावलेला डास पुढे घरातल्या दुसऱ्यांना आजार देऊ शकतो, तेव्हा दुपारीही मच्छरदाणी लावावी. हा डास दिवसा चावतो.

सुधारणा कशी ओळखायची? भूक लागते, लघवी भरपूर होते, आई गादीवरून उठून "चहात साखर कमी आहे" म्हणू लागतात. हातापायांवर लाल पुरळ येऊन खूप खाज सुटते. घरचे पुन्हा घाबरतात, पण बरे होतानाची ही ठरलेली खूण आहे, खाजवून रक्त काढू नये एवढेच. थकवा मात्र आठवडे टिकतो. आकडा लाखाच्या वर गेला की लगेच देवळाच्या पायऱ्या चढायला नेऊ नये, आणि कपाटात ठेवलेली ती अॅस्पिरिनची पट्टी डॉक्टरांना विचारल्याखेरीज पुन्हा बाहेर काढू नये.